चौथा खिळा

गेल्या साली एक ऑगस्टला
सर्जेकोटच्या वाळूत तीन ट्रॉलर उभे,
बाकीचे समुद्रात.
त्या तिघांची इंजिनं माझ्या शेडमध्ये, पोट उघडून,
आणि नामा टिकम दारात, छत्री न मिटता:
"परवा परवा करून दोन म्हयने गेले.
तुझो परवा खयच्या कॅलेंडरात येता रे?"
मी चहा मागवला.
तो प्यायला नाही.

या जूनमध्ये दर्शिका खवणेकरने
(हिशेबाला ठेवलेली मुलगी, वय बावीस,
डिझेलच्या वासाला अजून नाक दाबते)
मोडीत निघालेल्या केबिनचं दार मागून घेतलं,
भिंतीला टेकवलं, खडूने चार उभ्या रेघा मारल्या.
आलं. उघडलं. चाललंय. अडकलं. झालं.
फाटक्या जाळ्याचे पिवळे फ्लोट धुतले,
एकेकावर ऑइलपेंटने होडीचं नाव:
सागरलक्ष्मी, नूर-ए-दर्या, सांता क्रूझ, भराडी.
सुतळीने खिळ्यांना टांगले.
मी हसलो. "हो काय देवीचो कौल लावतंस?"
"कौलच समजा," म्हणाली,
"पण हयसर गुरव लागणा नाय."

"चाललंय"खाली तिने तीनच खिळे ठोकले.

इनास फर्नांडिस बिथरला.
एकोणतीस वर्षं लेथवर, कान लावून सांगतो
कुठल्या सिलिंडरला खोकला आहे,
आणि नाही म्हणणं त्याच्या तोंडात बसत नाही.
जो येईल त्याचं इंजिन उघडून ठेवायचा,
म्हणजे त्या माणसाला रात्री झोप लागायची.
सगळी उघडी, मिटलेलं एकही नाही.
चौथा फ्लोट धरून तो दारासमोर उभा राहिला.
"हो खय लावू?"
"आदी एक उतरवा."
दिवसभर फ्लोट त्याच्या खिशात फुगून राहिला.
संध्याकाळी भराडीचं हेड बसलं,
तेव्हा काढला.

"अडकलं"खाली मात्र तिने खिळे मोजले नव्हते.
जुलैच्या मध्यावर तिथे सात फ्लोट.
मनात म्हटलं, बरं झालं,
आता कळेल कोण अंग चोरतंय.
रात्री वीज गेली, सगळे घरी गेल्यावर
टॉर्च घेऊन एकेकाखालची खडूची ओळ वाचली,
शाळेतल्यासारखं गोल अक्षर.
सागरलक्ष्मी: नोझल कोल्हापूरहून. फोन मालक करणार.
नूर-ए-दर्या: भाव ठरला नाही. मालक.
सांता क्रूझ: शाफ्ट घासायचा की नवा? मालक सांगतील.
सातांत पाच वेळा
मी.

खोटं कशाला सांगू,
ओला फडका हाताशीच होता.
उचललासुद्धा.
मग त्याने टॉर्चची काच पुसली
आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पावणेसातला कोल्हापूरचा दुकानदार झोपेतून उठवला.
दुपारपर्यंत पाच फ्लोट सरकले.
दोन तसेच: एकाचा मालक कुवेतला, फोन उचलेना,
आणि नामाच्या गिअरबॉक्सचं ते चाक
खरोखरच कुठे मिळेना.
बावीस जुलैला मी स्वतः त्याच्या अंगणात गेलो.
"नामा, तुझी एकाक नाय. सहाक."
तो बराच वेळ जाळ्याच्या गाठी बघत बसला.
"आजच सांगलंस ता बरा केलंस.
खलाशी नेपाळसून निघाचे आसत अजून,
पाच दिवसांचो भत्तो वाचलो."
चहा त्याच्या घरचा होता. मी प्यायलो.

सहाला पहाटेच्या भरतीला त्याची होडी सुटली.
कुवेतवाल्याचा फ्लोट अजून लटकतोय,
वाऱ्याने दारावर टकटक करतो,
तेव्हा आम्ही तिघंही मान वर करतो.

आणि काल घरी जेवायला बसलो,
तर कॅलेंडरच्या खिळ्याला एक पिवळा फ्लोट.
आमच्या हिने दर्शिकाकडून मागून आणलेला.
त्यावर दोन शब्द:
कौलां. अडकलां.
खाली पितळी टोप,
आणि छपरातून त्यात पडणारा थेंब,
एकदाही न चुकता,
वेळेवर.